मेंदूचा शल्यविशारद निवडताना

१९४९ साली डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोर येथे देशातील पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला, तेव्हा रुग्णापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. आज तो आहे, आणि बहुतेक कुटुंबे तो ओळखीपाळखीवर सोडवितात. डॉक्टरांचे नाव मोठे ना? बोलणे गोड ना? गोड शब्दांना मोल आहेच. भेदरलेल्या माणसाला त्यांचा आधार वाटतो. परंतु ऐकण्याच्या नसेवरील गाठ काढताना शेजारची चेहऱ्याची नस वाचते, ती सरावलेल्या हातामुळे. म्हणून एम.सीएच. ही पदवी पाहून थांबू नये. हीच शस्त्रक्रिया आपण स्वतः किती वेळा केली, किती रुग्णांचा चेहरा वाकडा झाला, शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. एवढ्याने जे चिडतात, त्यांच्या हाती डोके देण्याची घाई कशाला?

कमरेची चकती सरकल्याच्या वेदना पुष्कळदा काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरतात. तेथे दुसरे मत जरूर घ्यावे. मात्र पायातील शक्ती जाऊ लागली, लघवीवरील ताबा सुटला, तर तासही दवडू नये. अपघातात डोक्याला मार बसला असता निवड कसली? सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेले जवळचे रुग्णालय गाठावे.