प्राणरक्षणाचे प्रमाणपत्र

रात्रीचे दोन वाजले आहेत. राजधानीतील एका रुग्णालयाचा वॉर्ड निजलेला आहे. अशा वेळी एखाद्या रुग्णाचे हृदय एकाएकी थांबते. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर असतात, नातेवाईक बाहेरच्या बाकावर पेंगत असतात. रुग्णापाशी प्रथम पोहोचते ती रात्रपाळीची परिचारिका. मेंदूला रक्त मिळेनासे झाले म्हणजे चार-सहा मिनिटांतच त्याची कायमची हानी होऊ लागते. ती मिनिटे तिच्या हातांत असतात. तिच्यापाशी प्राणरक्षणाचे प्रमाणपत्र आहे की नाही, हे दप्तरात पाहता येते. ते तिने कोणत्या रीतीने मिळविले, याची परीक्षा मात्र त्या खाटेपाशी होते.

ही विद्या फार जुनी नाही. छाती न उघडता, बाहेरूनच दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली प्रसिद्ध केले. तिला यंत्र लागत नाही, दोन हात पुरतात, हेच तिचे मोठेपण. त्याच सुमारास नॉर्वेतील आस्मुन्द लेर्दाल या खेळणी करणाऱ्या कारखानदाराने सरावासाठी माणसाएवढा पुतळा तयार केला. जिवंत माणसाच्या चालत्या हृदयावर असा सराव करणे धोक्याचे, आणि नुसते ऐकून हात तयार होत नाहीत. या अडचणीतूनच तो पुतळा जन्मला.

आता हे शिक्षण घरबसल्या, संगणकावर किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घेता येते. २०२० साली कोविडच्या साथीमुळे वर्ग बंद पडले, तेव्हापासून तर त्याची सवयच जडली. ही सोय पसंत करणारी परिचारिका आळशी असते, असे मुळीच नाही. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम हा सारा प्रदेश एकमेकांत मिसळला असला, तरी त्यातील अंतरे काही कमी झालेली नाहीत. रात्रपाळी उतरून, मेट्रो बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाला जावयाचे, रजा खर्च करावयाची आणि बहुधा शुल्कही पदरचे भरावयाचे, हे ओझे लहान नव्हे.

शिवाय पडद्यावरचे शिक्षण काही बाबतींत सरसच आहे. हृदयाच्या आलेखातील फरक ओळखणे, औषधांचा क्रम व मात्रा ध्यानात ठेवणे, कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी येते ते समजून घेणे, या गोष्टी घरी शांतपणे, पुन्हा पुन्हा पाहून अधिक चांगल्या शिकता येतात. समजले नाही, तर धडा मागे नेता येतो. वर्गात संकोचाने राहून गेलेली शंका येथे राहत नाही.

परंतु प्रौढ माणसाच्या उरोस्थीवर पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावयाचा, तोही मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावयाची, हे पडदा कसे शिकविणार? पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे वाचून कळते. ते हाताला कळावे लागते. दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि दाब उथळ होऊ लागतो, पण देणाऱ्याला ते जाणवत नाही. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलण्याचा दंडक आहे. जागा सोडताना दाबात खंड पडू नये, हा मेळही चार जणांत उभे राहूनच साधतो.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा भेद ओळखला आहे. तिच्या अभ्यासक्रमाचा तात्त्विक भाग संगणकावर पुरा करता येतो. पण कौशल्याची परीक्षा पुतळ्यावर दिल्यावाचून प्रमाणपत्र मिळत नाही. २०१९ सालापासून प्रौढांवरील उपचार शिकविताना, दाबाची खोली व गती दाखविणारे उपकरण तिने आवश्यक केले आहे. ज्या प्रमाणपत्रासाठी हात एकदाही पुतळ्याला लागत नाही, ते वाचनाचे प्रमाणपत्र होय, प्राणरक्षणाचे नव्हे.

तथापि समोरासमोरचा वर्ग म्हटला की सारे साधले, असेही नाही. चाळीस जणी आणि एक पुतळा अशा वर्गात बहुतेकींना पाहण्यावरच समाधान मानावे लागते. शिवाय प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, हाताची सफाई मात्र काही महिन्यांतच ओसरू लागते, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे.

रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले, तेव्हा समाजाचा रोष पत्करून त्या रुग्णाच्या उशाशी जाऊन शिकल्या. आज तो रोष उरलेला नाही. उरली आहे ती वेळेची आणि पैशाची ओढाताण. तिच्यावर उपाय आहे. तत्त्व घरी शिकावे, हात वर्गात तयार करावा. वर्गाचा दिवस कामाचा दिवस धरून रुग्णालयाने त्याचा खर्च सोसावा. वॉर्डाजवळ एक पुतळा ठेवून दर तीन महिन्यांनी प्रत्येकीला पंधरा मिनिटे सराव करू द्यावा. ज्या कौशल्याचा लाभ रुग्णालयाला होतो, त्याचा भार एकट्या परिचारिकेने का वाहावा?

उत्तम उपचार होऊनही थांबलेली अनेक हृदये पुन्हा चालू होत नाहीत. हे सत्य परिचारिकेइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असेल. परंतु पहाटे घरी परतताना, आपला हात कमी पडला काय, ही शंका तरी तिच्या मनाला लागू नये. तेवढी निश्चिंती तिला देणे, हे तिला प्रमाणपत्र मागणाऱ्यांचे कर्तव्य आहे.