पलीकडे जाताना



आज कशावर बोलावे हे आम्ही घरून ठरवून आलो नव्हतो. विषय वाटेत मिळाला. चाकणच्या तळेगाव चौकात आम्ही रस्ता ओलांडायला उभे होतो. कंटेनर, टेंपो, कंपनीच्या बसगाड्या, मोटारसायकली, एकामागून एक येतच होत्या. आमच्या शेजारी डोक्यावर मेथीची पाटी घेतलेली एक बाई उभी होती. ती म्हणाली, "बाबा, यापरीस नदी बरी. नदीचा पूर ओसरतो तरी. ह्यो पूर काही ओसरत न्हाई."

आम्ही पुष्कळ वर्षे मुलांना भूगोल शिकवला. पण त्या बाईने जे सांगितले ते आम्हांला कधी सुचले नव्हते. रस्ता हीसुद्धा एक नदीच आहे. रेल्वेचे रूळ हीसुद्धा नदीच. पलीकडे जायचे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी वाटेत पाऊल टाकायचे. तेव्हा आधी पाहायचे ते हे, की ही वाट कोणाची आहे? आणि तो आपल्यासाठी थांबेल काय?

नदीपासून सुरुवात करू. आपल्याकडे नद्यांना तोटा नाही. चिंचवडला पवना, देहू-आळंदीला इंद्रायणी, चाकणच्या पुढे भामा, खेडला भीमा. पूर्वी पूल थोडे होते. लोक उतार पाहून नदी पार करीत. उतार म्हणजे पाणी उथळ आणि तळ टणक अशी जागा. नवख्या माणसाला वाटते, जेथे पात्र अरुंद तेथून जावे, म्हणजे लवकर पलीकडे पोचू. तो तेथेच फसतो. अरुंद जागी पाणी खोल असते आणि ओढही जास्त असते. पात्र पसरलेले असेल तेथे पाणी उथळ असते. जाणती माणसे हातात काठी घेत. आधी काठी टेकायची, मग पाऊल. पाणी गढूळ झाले की थांबायचे, कारण तळ दिसत नाही. गुडघाभर पाणीसुद्धा जोरात वाहत असले तर धडधाकट माणसाला आडवे करते. काही ठिकाणी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून लोक पार होत. पूर आला तर काठावर मुक्काम पडे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी वारी केली असेल. माउलींची पालखी नीरा नदी ओलांडते तेव्हा पादुकांना नीरेत स्नान घालतात. आता तेथे पूल आहे. तरी नदीला भेटल्याशिवाय पालखी पुढे जात नाही. पुढे पंढरपूर येते. चंद्रभागेच्या काठच्या वाळूला आपण वाळवंट म्हणतो. खरे मोठे वाळवंट राजस्थानात आहे, थरचे. तेथे उंटावरून जाणारे लोक उन्हाच्या दिवसांत रात्री चालत, चांदण्यांवरून दिशा ओळखत, आणि एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंतचा हिशेब आधी करीत. तेथे आपण कोणाच्या वाटेत जात नाही. तेथे वाटच नसते. पाण्याचा हिशेब चुकला की माणूस गेला.

आणि एक जागा अशी, की ती कोणाला ओलांडता येऊ नये म्हणूनच केलेली. आपल्या चाकणच्या संग्रामदुर्गाचा खंदक. 1660 साली शाइस्तेखानाने किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. ऐन पावसाळ्यात पन्नासाहून अधिक दिवस त्यांनी एवढासा भुईकोट लढवला. शेवटी खानाला जमिनीखालून सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. असो. गावचा किल्ला म्हटला की आमचे बोलणे लांबते.

पूल आला की माणूस नदीला विसरतो. 15 जून 2025, रविवार. मावळात इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवर एक जुना, अरुंद लोखंडी पूल होता. गावच्या लोकांना, शेतकऱ्यांना येण्याजाण्यासाठी केलेला. पूल धोक्याचा आहे असा फलकही तेथे लावलेला होता. पावसाने नदी फुगली होती. सुटीचा दिवस म्हणून पाणी पाहायला गर्दी झाली. माणसे पुलावर गेली आणि तेथेच उभी राहिली. पूल कोसळला. चार जण दगावले. पन्नासच्या आसपास जखमी झाले.

पूल ही जाण्याची जागा आहे, उभे राहण्याची नव्हे. चार माणसे चालत गेली तर एक भार. शंभर माणसे एका जागी दाटली तर दुसराच भार. आम्ही तुम्हांला अक्षर शिकवतो म्हणून आणखी एक सांगतो. त्या गर्दीत वाचता येणारी माणसे पुष्कळ असणार. फलक डोळ्यांनी वाचला गेला, पायांनी वाचला नाही. पण सगळा दोष लोकांच्या माथी मारणेही बरे नव्हे. पूल धोक्याचा आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी तो बंदच करायला हवा होता. नुसता फलक म्हणजे राखणदार नव्हे.

कोकणात महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीच्या पुरात इंग्रजी अमदानीतला पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट गेल्या. तेथे तर गाडीतल्या माणसांची काहीच चूक नव्हती.

आता रूळ. आपल्या भागात रेल्वे फार जुनी. 1858 साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. बोरघाटाचे काम 1863 साली पुरे झाले. त्याआधी घाटापुरते उतारू पालखीतून आणि तट्टांवरून नेत. घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना दाखवली असे सांगतात. खंडाळ्याच्या घाटात त्याचे देऊळ आहे. तर ही रेल्वे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोडवरून जाते, आणि वस्ती दोन्ही अंगांना आहे. ओलांडल्यावाचून चालत नाही.

येथे आमची स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. सांगताना लाज वाटते. आमची शाळा रुळांच्या पलीकडे होती. स्टेशनात जिन्याचा पूल होता. पण तो चढून उतरायला पाच मिनिटे जात. आम्ही फलाटाच्या टोकाला उतरून सरळ रुळांवरून जात असू. धोतर सावरून, छत्री बगलेत धरून. एक दिवस नव्हे, कित्येक वर्षे. मुख्याध्यापक वेळेवर आला पाहिजे, असे आम्ही मनाला सांगत होतो.

एका सकाळी आठवीतला एक मुलगा तेथेच उभा होता. समोरून मालगाडी चालली होती. तिचा शेवटचा डबा गेला आणि तो धावला. मालगाडीच्या आड दुसऱ्या रुळावर उलट्या बाजूने लोकल येत होती. ती त्याला दिसली नाही. मालगाडीच्या खडखडाटात ऐकूही आली नाही. रुळावर काम करणाऱ्या एका गँगमनने त्याचे दप्तर धरून त्याला मागे ओढले. दप्तराचा पट्टा तुटला. एक चप्पल गेली. मुलगा वाचला.

त्याचा बाप शाळेत आला. आमच्यासमोरच त्याने मुलाला विचारले, "तिकडून कशाला गेलास रं?" मुलगा म्हणाला, "गुरुजी रोज तिकडूनच जातात."

आम्ही काही बोलू शकलो नाही. बापही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे वाटले असते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही जिना चढू लागलो. गुडघे दुखत होते तरी चढलो.

रुळांवरून जाणे हा गुन्हा आहे. 1989 च्या रेल्वे कायद्यात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण कायदा राहू द्या. गाडी ताशी शंभर किलोमीटरने येत असेल तर एका सेकंदात 28 मीटर येते. लोखंडावर लोखंड घसरते. ब्रेक लावला तरी गाडी शेकडो मीटर पुढे जाते. ड्रायव्हरला माणूस दिसतो, तो भोंगा वाजवतो, आणि त्याच्या हातात दुसरे काही नसते. नदीला थांबता येत नाही, तसेच गाडीलाही येत नाही.

ट्रकला मात्र थांबता येते. म्हणून रस्त्यावर माणूस जास्त फसतो. तो थांबेल असे आपण धरून चालतो. हिशेब करू. चौपदरी रस्ता ओलांडायला चांगल्या चालीला दहाबारा सेकंद लागतात. म्हातारा असला, डोक्यावर पाटी असली, तर जास्त. ताशी 60 ने येणारी गाडी बारा सेकंदांत 200 मीटर येते. म्हणजे जी गाडी लांब वाटते, तीही आपण मध्यावर असताना आपल्यापाशी असते. मोटारसायकल तर अंगाने लहान म्हणून आहे त्याहून लांब वाटते. रस्त्यावर पांढरे पट्टे आखतात, त्याला झेब्रा क्रॉसिंग म्हणतात. झेब्रा हा आफ्रिकेतला पट्ट्यापट्ट्यांचा, घोड्यासारखा प्राणी. पट्ट्यांवर चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावे असा नियम आहे. पण पट्टे कोठे पुसलेले, कोठे नाहीतच. आमचे म्हणणे असे, की जेथे रोज हजारो कामगार पाळीला जातात, तेथे कारखान्याच्या दाराआधी रस्ता ओलांडायची सोय हवी. ग्रामसभेत हे मागा. अर्ज आता तुमचा तुम्हांला लिहिता येतो.

वर्षातून एकदा हाच रस्ता थांबतो. तुकोबांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीला मुक्काम करते, आणि पिंपरी, दापोडीवरून पुण्याला जाते. त्या दिवशी ट्रक उभे असतात आणि पायी माणूस चालतो. म्हणजे थांबता येते.

त्या चौकात पुढे काय झाले ते राहिलेच. एका कंपनीची पाळी सुटली. वीसेक पोरे आली. त्यांनी त्या बाईला मध्ये घेतले, आम्हांलाही घेतले. पुढच्या पोराने हात वर केला, आणि आम्ही सगळे एकदम, न पळता, पलीकडे गेलो. बाई म्हणाली, "परतताना कोण घावंल?"

आता रात्र झाली. आम्हांलाही त्याच चौकातून जायचे आहे. तिकडे कोणाकोणाला यायचे असेल त्यांनी थांबा, बरोबरच निघू.