पुण्याहून विलायतेला गेलेली पत्रं

श्रोतेहो, वसमतसारख्या गावातून कोणी दूरच्या माणसाला ‘इथं असं असं घडलं’ म्हणून कळवलं, तर वाचणाऱ्यानं ते कितपत खरं धरावं? १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांपुढं हाच पेच पडला, आणि तोही थेट लंडनमध्ये.

वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायला ते गेले होते. वय अवघं एकतीस. इकडं पुण्यात प्लेग. रँडसाहेबाच्या अमलात गोरे सोल्जर घरं तपासत. देवघर नि स्वयंपाकघरसुद्धा त्यातून सुटत नसे. मित्र हे सारं पत्रांतून लंडनला कळवीत. दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याची हकिकतही त्यांत होती. गोखल्यांनी ती ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितली. (त्याचे संपादक स्कॉट स्वतः पार्लमेंटाचे सभासद होते बरं का!) मजकूर छापून आला आणि एकच गहजब उडाला. मुंबई सरकारनं साफ इन्कार केला; पुरावा आणा म्हणाले.

गोखले परतले तेव्हा रँडचा खून झालेला, टिळक अटकेत. अशा वेळी साक्षीला कोण उभं राहणार? पत्रं लिहिणाऱ्यांची नावं द्यावीत, नाहीतर आरोप मागं घ्यावा. ऑगस्टमध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली, अगदी सोल्जरांचीसुद्धा. ती जरा जास्तच झाली, असं मला वाटतं. पुण्यात लोक चिडले, आणि तो टोमणा त्यांना वर्षानुवर्षं ऐकावा लागला.

पत्रं कोणाची, हे मात्र त्यांनी सरकारला सांगितलं नाही.