निदान आधीं, दुरुस्ती मागून

अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स हें शहर वाळवंटांत वसलेलें आहे. इ. स. २०२३ च्या उन्हाळ्यांत तेथें लागोपाठ ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारें ४३ अंश सेंटिग्रेडपर्यंत, किंवा त्याहूनहि वर चढत होता. हें शहर ज्या मॅरिकोपा परगण्यांत मोडतें, तेथील आरोग्यखात्यानें त्या वर्षीं उष्णतेशीं संबंध असलेले ६४५ मृत्यु नोंदले. अशा गांवीं घर थंड ठेवणारें यंत्र ही चैनीची वस्तु राहत नाहीं. पिण्याच्या पाण्याइतकीच ती गरजेची होऊन बसते. महाराष्ट्रांतील कितीतरी आईबाप मुलांच्या संसारास हातभार लावण्याकरितां अमेरिकेस जातात. एखाद्या सायंकाळीं तेथील यंत्र अकस्मात् बंद पडलें, म्हणजे मुलगा टेलिफोन करूं लागतो, सून खिडक्या उघडावयास धांवते, आणि वडील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. अशा वेळीं काय करावें, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, याचा विचार आधींच शांतपणें करून ठेवलेला बरा.

त्या देशांतील पुष्कळ घरांत खोलीखोलीस निराळें यंत्र नसतें; साऱ्या घरास मिळून एकच असतें. त्याचा एक भाग माळ्यावर किंवा एखाद्या अडगळीच्या खोलींत दडलेला असतो. दुसरा, लोखंडी पेटीसारखा, घराबाहेर उभा असतो. कांहीं घरांत हे दोन्ही भाग छपरावर एकाच पेटींत बसविलेले आढळतात. आंतील पंखा घरांतील हवा एका मोठ्या जाळींतून ओढतो, थंड नळ्यांच्या वेटोळ्यावरून नेतो, आणि हवानळांच्या वाटेनें सर्व खोल्यांत परत धाडतो. यंत्र थंडी निर्माण करतें ही समजूत बरोबर नाहीं. तें हमालासारखें घरांतील उष्णता उचलतें आणि बाहेर नेऊन टाकतें, एवढेंच त्याचें काम.

हें काम कसें चालतें तें समजण्यास आपला मातीचा माठ पुरेसा आहे. माठाच्या अंगांतून पाणी पाझरतें, त्याची वाफ होते, आणि वाफ होतांना तें आंतील पाण्याची उष्णता बरोबर घेऊन जातें. यंत्राच्या नळ्यांत फिरणारें शीतकद्रव्यहि असेंच वाफ होऊन घरांतील उष्णता शोषून घेतें. फरक इतकाच कीं, माठाची वाफ हवेंत उडून जाते, तर यंत्रांतील वाफ कॉम्प्रेसर नांवाचें दाबयंत्र दाबून अधिक तापवितें. बाहेरच्या पेटींतील पंख्याच्या वाऱ्यानें ती निवते, तिचा पुनः द्रव होतो आणि तो आंत परत येतो. हें चक्र बंदिस्त असतें. म्हणून माठांत रोज पाणी घालावें लागतें. यंत्रांत मात्र एकदां भरलेलें द्रव्य, गळती नसेल तर, यंत्राच्या सबंध आयुष्यास पुरतें.

ही एक गोष्ट ध्यानांत राहिली तरी पुष्कळ खर्च वांचतो. कारण यंत्र बिघडलें कीं, ‘गॅस संपला असेल’ हें वाक्य जितक्या सहज उच्चारलें जातें तितकें दुसरें कोणतेंहि नाहीं. गॅस दिव्यांतील तेलासारखा जळून संपत नाहीं. तो कमी झाला असेल तर कोठेंतरी छिद्र आहे. तें शोधून बुजविल्यावांचून वरून गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय.

तेव्हां निदानास आरंभ हत्यारांनीं करूं नये, प्रश्नांनीं करावा. पहिला प्रश्न : खोलींतील झरोक्यांतून वारा येतो काय? दुसरा प्रश्न : बाहेरच्या पेटीवरील पंखा फिरतो काय? या दोन उत्तरांनीं शोधाचें क्षेत्र एकदम लहान होतें.

दोन्हीहि बंद असतील, तर वीज कोठें अडली तें पाहावें. भिंतीवरील तापनियामकाच्या, म्हणजे थर्मोस्टॅटच्या, बॅटऱ्या संपलेल्या असणें ही नेहमींची गोष्ट आहे. विजेच्या पेटींतील खटका पडला असेल तर तो एकदां वर करावा. पुनः पडला तर मात्र त्याशीं झटापट करूं नये. तिसरें कारण सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं, तें पाण्याचें. थंड वेटोळ्यावर हवेंतील बाष्प जमून त्याचें पाणी होतें व एका नळीनें बाहेर जातें. त्या नळींत शेवाळ दाटलें कीं खालच्या ताटलींत पाणी सांचतें, आणि छत भिजूं नये म्हणून तेथें बसविलेला तरंगता खटका यंत्रच थांबवितो. नळी मोकळी केली कीं यंत्र आपोआप चालूं लागतें.

बाहेरचा पंखा फिरतो, पण आंत वारा मंद येतो, असें असेल तर आधीं फिल्टर काढून उजेडापुढें धरावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल, तर हवेचा मार्गच कोंडला आहे. हवा पुरेशी न मिळाल्यानें वेटोळें गोठतें व त्यावर बर्फ चढतो. मग उरलासुरला वाराहि बंद होतो. अशा वेळीं शीतक्रिया बंद करून नुसता आंतील पंखा कांहीं तास चालूं ठेवावा, म्हणजे बर्फ वितळतो. तो सुरीनें खरवडून काढण्याचा मोह आवरावा. नाजूक नळीस भोंक पडलें कीं चार पैशांचें काम शेंकड्यांवर जातें. नवा फिल्टर घालूनहि बर्फ पुनः धरला, तर मात्र गळतीचा संशय घेण्यास जागा आहे.

दोन्ही पंखे फिरतात आणि तरीहि घर निवत नाहीं, तर एक साधा उष्णतामापक घ्यावा. जाळींतून आंत ओढल्या जाणाऱ्या हवेचें आणि यंत्राजवळच्या झरोक्यांतून येणाऱ्या हवेचें तपमान पाहावें. दोहोंत १५ ते २० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ८ ते ११ अंश सेंटिग्रेड, अंतर असेल तर यंत्र आपलें काम करीत आहे. दोष माळ्यावर उसवलेल्या हवानळांत किंवा घरांत शिरणाऱ्या उन्हांत शोधावा. अंतर कमी भरलें, तर बाहेरच्या पेटीच्या जाळ्या धुळीनें व पानांनीं बुजल्या आहेत काय तें पाहावें. वीज तोडून पाण्याच्या हलक्या धारेनें त्या धुतल्या कीं पुष्कळदां यंत्राचा जीव मोकळा होतो.

आतां असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. फीनिक्समधील जुलै महिन्याची सायंकाळ आहे. मुलानें मागील दोन उन्हाळ्यांत दोनदां पैसे मोजून गॅस भरून घेतला होता. यंत्र पुनः थंड हवा देईनासें झालें. कारागीर दुसऱ्या दिवशीं सकाळीं येणार होता. पुण्याहून आलेल्या आजीबाई अंगणांत जाऊन आल्या व म्हणाल्या, “अरे, ती पेटी नुसती घुं घुं करते आहे, पंखा कांहीं हालत नाहीं.” मुलानें लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलला. “आधीं यंत्र बंद कर,” आजोबा म्हणाले, “आणि पेटी उघडूं नकोस.”

आजोबांचें म्हणणें योग्य होतें. पंखा थांबला असतां कॉम्प्रेसर चालूं राहिला तर तो तापून जळण्याची भीति असते, आणि सर्व यंत्रांत तोच भाग सर्वांत महाग. शिवाय त्या पेटींत कपॅसिटर नांवाचा एक डबा असतो. पंख्यास व कॉम्प्रेसरला आरंभींचा धक्का तो देतो. वीज तोडल्यानंतरहि त्यांत विद्युत् सांठून राहते, व ती नवशिक्याच्या जिवावर बेतूं शकते.

यंत्र बंद झालें. पण घर तापूं लागलें. बाहेरची हवा आंतल्याहून गरम असल्यानें खिडक्या मिटून पडदे ओढले. शरीराहून हवा अधिक तापली म्हणजे नुसता पंखा पुरत नाहीं, हें ओळखून मंडळी रात्रींच एका स्नेह्याच्या घरीं गेलीं. यंत्राची दुरुस्ती उद्यांवर टाकतां येते. म्हाताऱ्या माणसाची प्रकृति टाकतां येत नाहीं. घाम थांबणें, बोलणें असंबद्ध होणें, ग्लानि येणें हीं लक्षणें दिसतांच क्षणहि न दवडतां वैद्यकीय मदत बोलावली पाहिजे.

सकाळीं कारागीर गॅसचें नळकांडें घेऊनच आला. मुलानें त्यास पंख्याची व घुमण्याची हकीकत सांगितली आणि प्रथम कपॅसिटर मोजण्याची विनंति केली. डब्याचें टोपण फुगलेलें होतें. त्यावर ४५ मायक्रोफॅरडचा आंकडा छापला होता. मापकानें १२ दाखविले. फीनिक्सच्या उष्णतेंत हे डबे लवकर निकामी होतात. अर्ध्या तासांत नवा डबा बसला आणि पंखा फिरूं लागला. त्या दिवशीं गॅसला हात लावावा लागला नाहीं.

मग मुलानें दुसरा प्रश्न विचारला : “दोन वर्षे भरलेला गॅस गेला कोठें?” गॅसचें काम मात्र घरच्या माणसानें करावयाचें नव्हे. अमेरिकेंत शीतकद्रव्य जाणूनबुजून हवेंत सोडण्यास कायद्यानें बंदी आहे, आणि तें हाताळण्यास प्रमाणपत्र लागतें. जुन्या यंत्रांतील आर-२२ हें द्रव्य वातावरणांतील ओझोनच्या थरास अपाय करतें. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारास अनुसरून त्याचें नवें उत्पादन व आयात त्या देशांत २०२० सालापासून बंद झाली. म्हणून गळकें जुनें यंत्र दरवर्षीं भरीत राहणें पैशाच्या व सृष्टीच्या अशा दोन्ही दृष्टींनीं नुकसानीचें आहे. कारागिरानें साबणाचें पाणी सांध्यांवर लावलें. एका सांध्यावर बारीक बुडबुडे उठूं लागले. दोन उन्हाळ्यांत जें कोणी विचारलें नव्हतें, त्याचें उत्तर पांच मिनिटांत मिळालें.

आजोबा बुडबुड्यांकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, “माठ पाझरला तर पाणी गार होतें, हें पाझरलें तर फक्त खिसा गार होतो.”