परदेशी गेलेल्या लेकरांना आधार कोणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. छापताना दोन-चार गोष्टी वाढवल्या आहेत.)



समितीने मला 'शिक्षण आणि तरुण पिढी' या विषयावर दहा मिनिटे बोलायला सांगितले होते. त्यावर मी दरवर्षी बोलतो आणि तुम्ही दरवर्षी ऐकून घेता. आज वेगळा विषय घेतो. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावे. मी काही डॉक्टर नाही. त्रासन खात्यात आयुष्य काढलेला माणूस आहे. वाचले ते रात्रपाळीला, चहाच्या सुट्टीत. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्या या चार चाळींतून किती मुले परदेशी गेली, ते परवा मी मोजत होतो. दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत. ज्यांच्या बापाने बदली कामगार म्हणून गेटावर उभे राहून दिवस काढले, त्यांची मुले विमानाने गेली. त्याचा आपल्याला अभिमान आहेच. फोटो आला की आपण सगळ्या चाळीला दाखवतो. पण फोटोत कोण रडते का?

माझी पुतणी न्यू जर्सीला आहे. माझा भाऊ, म्हणजे तिचा बाप, ती कॉलेजात असतानाच गेला, म्हणून ती सगळे मला सांगते. मागच्या हिवाळ्यात एक दिवस तिचा फोन आला. आपल्याकडे सकाळचे सात, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ. म्हणाली, "काका, मला झोप लागत नाय. सकाळी उठूच नये असं वाटतं. ऑफिसची मीटिंग चालू असते आणि मी कॅमेरा बंद करून रडते." मी काय सांगितले असेल? मी म्हणालो, "अगं, बाबासाहेब १९१३ साली त्याच न्यूयॉर्कात शिकायला गेले. दिवसरात्र अभ्यास केला. जवळ पैसा नव्हता. तुला पगार आहे, घर आहे, तू रडतेस कसली?" ती म्हणाली, "हो काका, बरोबर आहे तुमचं." आणि फोन ठेवला.

मग अडीच महिने तिचा फोन नाही. मी मात्र नाक्यावर मित्रांना सांगत होतो, पोरीला चांगला डोस पाजला म्हणून. बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांचे नाव घेऊन मी माझ्याच लेकीचे तोंड बंद केले होते, हे माझ्या ध्यानातसुद्धा आले नाही.

अडीच महिन्यांनी फोन आला तेव्हा आवाज जरा मोकळा होता. म्हणाली, मी दर आठवड्याला एका बाईंशी बोलते, कॉम्प्युटरवरून, पाऊण-एक तास. मी विचारले, डॉक्टर आहेत का? तर म्हणाली, नाय, सोशल वर्कर आहेत. मला हसू आले. म्हटले, अगं, सोशल वर्कर तर मी पण आहे, तीस वर्षं झाली, एक पैसा घेतला नाय! तेव्हा तिने मला जे समजावले ते आज तुम्हाला सांगतो. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी घरी जाऊन लिहून ठेवावे.

अमेरिकेत 'लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर' असा एक व्यवसाय आहे. थोडक्यात एल.सी.एस.डब्ल्यू. म्हणतात. आधी समाजकार्यातली एम.ए.सारखी पदव्युत्तर पदवी, मग अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली दोन-तीन वर्षे काम. बऱ्याच राज्यांत ते सुमारे तीन हजार तास धरतात. त्यानंतर परीक्षा, आणि मग राज्य सरकारचा परवाना. ही माणसे गोळ्या लिहून देत नाहीत. गोळ्या देणारा तो मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, तो वेगळा. ही माणसे बोलून उपचार करतात. आणि माणसाला नुसता पेशंट म्हणून बघत नाहीत. घर, नोकरी, भाडे, कुटुंब, एकटेपणा, सगळे विचारतात.

हा व्यवसाय मूळ आपल्यासारख्या कामगारवस्तीतलाच आहे. जेन ॲडम्स नावाच्या बाईने १८८९ साली शिकागोत कामगारांच्या वस्तीत 'हल हाऊस' काढले. तिथून आणि तशा इतर संस्थांतून हे काम वाढले. आणि तिकडचेच एक मिशनरी, क्लिफर्ड मॅन्शार्ट, मुंबईत नागपाड्याला येऊन राहिले. १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा सुरू झाली, तिचे पहिले संचालक हेच. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. म्हणजे ही विद्या गिरणगावाच्या शेजारी येऊन नव्वद वर्षे होत आली आणि आम्हाला पत्ता नाही.

आता माणूस शोधायचा कसा? पुतणीला यात सव्वा महिना गेला. तो इतरांचा वाचावा म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, परवाना राज्याचा असतो, सगळ्या देशाचा नसतो. पेशंट ज्या राज्यात बसून बोलतो, त्या राज्याचा परवाना सोशल वर्करकडे लागतो. ही नाताळच्या सुट्टीत मैत्रिणीकडे मॅसॅच्युसेट्सला गेली, तर बाई म्हणाल्या, तिथून मला तुझ्याशी सेशन करता येणार नाही. हिला राग आला. पण बाईंचे बरोबर होते. मुलगी सुट्टीवर इकडे आली तरी हाच प्रश्न येतो, तेव्हा आधी विचारून ठेवायचे. नावेही राज्याराज्यात बदलतात. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतंत्रपणे उपचार करणाऱ्याला एल.आय.सी.एस.डब्ल्यू. म्हणतात आणि एल.सी.एस.डब्ल्यू. ही तिथे खालची पायरी आहे. म्हणून नुसती अक्षरे बघून भुलू नये.

दुसरी गोष्ट, परवाना तपासता येतो, आणि फुकट. प्रत्येक राज्याच्या परवाना मंडळाची यादी कॉम्प्युटरवर असते. नाव घातले की परवाना चालू आहे का, कधी संपतो ते दिसते. शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर बहुतेक ठिकाणी तीही दिसते. आपण रेशनच्या दुकानदाराचा परवाना बघतो, मग मन ज्याच्या हाती द्यायचे त्याचा का बघू नये? पुतणीने तीन नावे तपासली. एकाचा परवाना संपलेला निघाला.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इथेच मुले अडतात. खिशातून भरायचे तर एका सेशनला शंभर-दीडशे डॉलर किंवा जास्तही पडतात. त्याचे रुपये करू नका, झोप उडेल. म्हणून आधी नोकरीच्या ठिकाणचा विमा बघायचा. विमा कंपनी आपल्या यादीतली नावे देते, पण त्यातले निम्मे फोनच उचलत नाहीत किंवा नवीन माणूस घेत नाहीत, असा हिचा अनुभव. दहा-बारा जणांना एकदमच लिहावे. बऱ्याच कंपन्यांत कामगारांसाठी मदतीची योजना असते, तिच्यात काही सेशन फुकट मिळतात. विद्यार्थी असेल तर विद्यापीठाचे समुपदेशन केंद्र असते. काही जण उत्पन्न बघून फी कमी करतात, पण आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही बोनस मागत होतो तेव्हा लाजलो का? आणि विमा न वापरता पैसे भरणाऱ्याला खर्चाचा अंदाज आधी लेखी द्यावा लागतो, असा तिकडे २०२२ पासून कायदा आहे.

गुप्ततेबद्दल दोन शब्द. सांगितलेले बाहेर जात नाही, हा नियम. पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर त्यांना गप्प बसता येत नाही. हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. जाहिरात करणाऱ्या मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्यांपासून जपून राहावे. अशाच एका कंपनीने लोकांची खाजगी माहिती जाहिरातवाल्यांना दिली, म्हणून २०२३ साली तिथल्या सरकारी आयोगाने तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. आणि जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली, तर परवाना-बिरवाना शोधत बसायचे नाही. अमेरिकेत ९८८ हा नंबर लावायचा. २०२२ पासून तो देशभर चालू आहे.

आता जे सांगतो ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. पुतणीने पहिल्यांदा आपल्याकडच्याच एका बाईंना गाठले. वाटले, आपली माणसे आहेत, आई म्हणजे काय, घर म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. बाईंनी पहिल्याच सेशनला सहज विचारले, "मूळ गाव कुठलं? आडनाव काय म्हणालीस?" झाले. पोरगी आतल्या आत मिटली. बाईंच्या मनात काही नसेलही. पण जिने शाळेत, हॉस्टेलात हाच प्रश्न हजार वेळा ऐकला, तिला साता समुद्रापलीकडे तोच प्रश्न आला. पुढच्या खेपेला ती गेलीच नाही.

मग दुसऱ्या बाई मिळाल्या, तिथल्या काळ्या समाजातल्या. त्यांना जात म्हणजे काय हे माहीत नव्हते. दोन सेशन त्यातच गेले. पुतणी म्हणते, "काका, पैसे माझे आणि शिकवलं मी त्यांना." पण तिसऱ्या वेळी त्या बाई स्वतः वाचून आल्या होत्या. तेव्हा हिने पहिल्यांदा सांगितले, की ऑफिसातली आपल्याकडची मुले जेवायला बसली की ही आपले आडनाव निघेल म्हणून टेबलावरून उठून जाते. दोन वर्षे ती एकटी जेवत होती. आम्हाला फोटो पाठवत होती. सिएटल शहराने २०२३ साली जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी केली, म्हणजे हे दुखणे तिथे आहे, हे त्यांनासुद्धा मान्य करावे लागले.

म्हणून मुलांना सांगा, सुरुवातीला बरेच जण दहा-पंधरा मिनिटे फुकट बोलतात, तेव्हाच सरळ विचारा: जातीचा अनुभव घेतलेल्या माणसाबरोबर काम केले आहे का? 'नाही, पण मी समजून घेईन' म्हणणारा चालेल. 'आता कुठे राहिलीय जात' म्हणणारा असेल तर नमस्कार करून फोन ठेवा.

हे सगळे सांगून झाल्यावर पोरीने मलाच विचारले, "काका, गिरणी बंद झाल्यावर तुम्ही कोणाशी बोललात?"

मला उत्तर देता आले नाही. २०२० च्या मार्चात लॉकडाउनला आमची गिरणी थांबली ती पुन्हा चालली नाही. कित्येक महिने मी पहाटे पाचला उठून दाढी करून बसत होतो. मंडळी विचारायची, कुठे निघालात? मी म्हणायचो, कुठे नाय. विहारात आलो की भाषण करायचो. तुम्हाला सगळ्यांना धीर दिला. घरी गेलो की भिंतीकडे तोंड करून पडायचो. आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो आहे.

आपल्याकडे अमेरिकेसारखी परवान्याची पद्धत अजून नीट बसलेली नाही. कोणीही 'समुपदेशक' म्हणून पाटी लावतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात 'सायकियाट्रिक सोशल वर्कर' कोणाला म्हणायचे ते दिले आहे: समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचे एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायचा. फुकट हवे असेल तर टेलिमानस, नंबर १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येते.

मी तो नंबर लावला. पहिल्यांदा कट केला. दुसऱ्यांदा बोललो. त्यांच्या सांगण्यावरून महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, केसपेपर काढला, रांगेत उभा राहिलो. रांगेत आपल्याच चाळीतले दोन जण भेटले. तिघांनीही एकमेकांना सांगितले की कोणाबरोबर तरी सोबत आलोय. आत एका तरुण सोशल वर्कर मुलीने मला पहिला प्रश्न विचारला, "काका, कुठल्या खात्यात होतात?" आणि मी अर्धा तास बोलत होतो.

पुतणीने काय विचारायचे त्याचे सगळे प्रश्न मला लिहून पाठवले आहेत, मी त्यांचे मराठी केले आहे. दर रविवारी वंदनेनंतर मी इथे मागच्या खोलीत बसतो. ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांनी वही घेऊन यावे. ज्यांना स्वतःसाठी विचारायचे आहे त्यांनी सगळे गेल्यावर यावे, मी दिवा चालू ठेवीन. जयभीम.