कायद्याचा निकाल सापडतो कसा?



समजा, भाडेकरूच्या खटल्यासाठी वकिलांना एक जुना निकाल हवाय.
पक्षकारांची नावं आठवत नाहीत.
वर्षही आठवत नाही.
मग विधी ग्रंथालयात तो शोधायचा कसा?

तिथे दोन गोष्टी कामी येतात.

पहिली गोष्ट, वर्गीकरण.
ड्यूई पद्धतीत कायद्याचा क्रमांक आहे 340.
ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या द्विबिंदू पद्धतीत कायद्याला ‘झेड’ हे अक्षर दिलंय.
या खुणेवरून पुस्तकाची कपाटातली जागा ठरते.
पण पुस्तक एक, म्हणून जागाही एकच.

दुसरी गोष्ट, विषयसूची.
नागपूरहून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निकालांच्या नियतकालिकात प्रत्येक निकालाच्या माथ्यावर सारांश असतो.
तो वाचून सूचीकार विषय ठरवतो.
भाडेकरू... घराचा ताबा... थकलेलं भाडं...
तिन्ही विषयांखाली त्याच एका निकालाची नोंद होते.

शेतजमिनीचं कूळ मात्र ‘भाडेकरू’ या विषयाखाली येत नाही.
त्याचा विषय वेगळा, कारण त्याचा कायदाच वेगळा!

तर श्रोतेहो, पुन्हा सांगते.
वर्गीकरणानं जागा ठरते एक.
विषयसूचीनं वाटा मिळतात अनेक.

म्हणून निकालाचं नाव आठवलं नाही, तरी अडून बसू नका.
ग्रंथपालांना विषय सांगा.