म्हातारीच्या वाट्याचं तेल

(वडगाव रासाई, ता. शिरूर येथे महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



घरातल्या तेलाचा हिशेब आपण रोज करतो. बाळाला, बाळंतिणीला मालिश होते. नरक चतुर्दशीला पुरुषांच्या, पोरांच्या पाठीला तेल चोळते ती बाईच. त्याच बाईची सत्तरी उलटते, नडग्या भेगाळतात, रात्रभर खाजवून रक्त येतं. तेव्हा आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच!" तीही तेल मागत नाही. मागायची तिला सवयच नाही.

कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी वयाबरोबर मंदावतात. बाईच्या बाबतीत हे पाळी गेल्यावर सुरू होतं, पुरुषाच्या बाबतीत उशिरा. इथे भीमेकाठच्या उसात पाचटाने चिरलेले आणि धुण्याभांड्यांत झिजलेले हात तर आधीच कोरडे असतात.

तेल ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं. म्हणून कोमट पाण्याने अंघोळ करून, अंग टिपून, ओलसर असतानाच थोडं तेल हलक्या हाताने लावायचं. साबण फक्त काखेत, जांघेत.

तेल कोणतं? खोबरेल चालतं. फिलिपाइन्समध्ये २००४ सालच्या अभ्यासात कोरड्या त्वचेवर ते खनिज तेलाइतकंच उपयोगी ठरलं. सूर्यफुलाचंही चालतं. इंग्लंडमधल्या २०१३ सालच्या अभ्यासात ऑलिव्हच्या तेलाने त्वचेचा संरक्षक थर कमकुवत झाला, सूर्यफुलाच्या तेलाने तो टिकला. म्हणजे महागडी बाटली चांगलीच असते असं नाही. तळणीचं उरलेलं तेल मात्र नको.

काही गोष्टी सांभाळा. तेलकट पायांनी फरशीवर घसरून खुबा मोडतो, म्हणून तेल जिरेपर्यंत बसून राहा. तेल लागलेल्या लुगड्याने चुलीपुढे जाऊ नका. पायाच्या बोटांच्या बेचक्यात तेल नको. पंधरा दिवसांत खाज गेली नाही, तर दवाखाना गाठा. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड किंवा मधुमेहाचं दुखणंही खाजेतून दिसतं. घरात सगळ्यांनाच खाज सुटली, तर ती खरूज असू शकते.

आता शेवटचं. हे काम पुन्हा सुनेच्याच गळ्यात मारू नका. लेकाने आईच्या पायांना तेल लावलं तर त्याचं काय बिघडतं? पाठीला मात्र आपला हात पुरत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईची पाठ शेजारणीने पाहावी. आणि घरोघरी एक छोटी बाटली आजीच्या उशाशी असू द्या. तिला मागावं लागू नये.